लूथरन उपासना आणि प्रभुभोजन: कॅथोलिक भूमिका नेमकी काय?

प्रश्न
माणूस नीतिमान कसा ठरतो, या विषयावर कॅथोलिक चर्च आणि लूथरन वर्ल्ड फेडरेशन (लूथरन चर्चांचा जागतिक संघ) यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गला संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. सोळाव्या शतकात मार्टिन लूथर कॅथोलिक चर्चपासून वेगळे झाले, ते मूळ भांडण याचंच होतं ना? मग लूथरन चर्चमध्ये गेलेल्या कॅथोलिकाला प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा संस्कार; कॅथोलिक त्याला ख्रिस्तप्रसाद म्हणतात) का चालत नाही? ख्रिस्त तिथे खरोखर उपस्थित असतो, असं तेही मानतात.

उत्तर १
मानतात, आणि ठामपणे मानतात. १५२९ मध्ये मारबुर्गला लूथर आणि स्विस धर्मसुधारक झ्विंग्ली यांचं जमलं नाही ते याच मुद्द्यावर. त्यामुळे ‘प्रॉटेस्टंटांसाठी ती फक्त आठवण’ हे वाक्य लूथरनांना लावणं अन्यायाचं आहे. भाकर भाकरच राहते आणि तिच्यासह ख्रिस्ताचं शरीर मिळतं, ही त्यांची शिकवण. कॅथोलिक शिकवणीत भाकरीचं मूळ तत्त्वच बदलतं, रूप आणि चव तेवढी उरते.

पण खरी अडचण गुरुदीक्षेची, म्हणजे धर्मगुरू नेमण्याच्या संस्काराची आहे. प्रेषितांपासून बिशपांच्या हस्तस्पर्शाने अखंड चालत आलेली दीक्षा लूथरनांसारख्या प्रॉटेस्टंट समाजांत टिकलेली नाही, असं कॅथोलिक चर्च मानतं. म्हणून कॅथोलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या ऐक्यविषयक आदेशात (परिच्छेद २२) म्हटलंय की या संस्काराच्या उणिवेमुळे ख्रिस्तप्रसादाचं रहस्य त्यांच्याकडे पूर्णत्वाने राहिलेलं नाही. १९९९ चा जाहीरनामा या प्रश्नाला हातच घालत नाही.

उत्तर २
जाहीरनाम्याबद्दल थोडी भर. तारण केवळ कृपेने मिळतं, आपल्या पुण्याईने नाही, हे दोघांनी एका आवाजात मान्य केलं. वादात बायबलमधली रोमकरांस ३:२८ (माणूस कर्मांनी नव्हे, श्रद्धेने नीतिमान ठरतो) आणि याकोब २:२४ (केवळ श्रद्धेने नव्हे, कर्मांनी ठरतो) ही वचनं एकमेकांवर फेकली जातात, त्याची गरजच उरत नाही: प्रीतीतून कृती न करणारी श्रद्धा जिवंत नाही, हे लूथरनही शिकवतात.

शिल्लक राहिला तो बारीक पण महत्त्वाचा फरक. बाप्तिस्म्यानंतरही मनात उरणारी वाईटाची ओढ हे पापच, म्हणून माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापी, असं लूथरन म्हणतात. कॅथोलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेच्या मते (१५४६) ती ओढ पापातून येते आणि पापाकडे नेते, पण माणूस तिला संमती देत नाही तोवर ती स्वतः पाप नव्हे.

उत्तर ३
प्रत्यक्षात करायचं काय, ते सांगतो. लूथरन उपासनेत गीतं गा, वाचनं ऐका, प्रार्थनेत सामील व्हा; प्रभुभोजनाच्या वेळी जागेवर बसून राहा. त्या उपासनेने रविवारच्या मिस्साचं (ख्रिस्तप्रसादाच्या कॅथोलिक उपासनेचं) कर्तव्य पूर्ण होत नाही, ती वेगळी गाठावी लागते.

उलट बाजूला, कॅथोलिक मिस्सात लूथरन व्यक्तीला ख्रिस्तप्रसाद देण्याची वाट कॅथोलिक चर्चच्या कायद्यातल्या कॅनन (कलम) ८४४ मध्ये आहे, पण अरुंद: मरणाचा धोका किंवा बिशपांनी ठरवलेली तितकीच गंभीर गरज, स्वतःचा पाळक मिळणं अशक्य, मागणी स्वतःहून, त्या संस्काराबद्दल कॅथोलिक श्रद्धा आणि योग्य मनःस्थिती. यातली एकही अट गळून चालत नाही. मिश्र विवाहात इथेच गोंधळ होतो. लग्नाला परवानगी मिळाली म्हणजे ख्रिस्तप्रसादालाही मिळाली, असं धरलं जातं.

प्रश्नकर्ता
आणि बाप्तिस्मा? कोणी लूथरन कॅथोलिक झाला तर पुन्हा घ्यावा लागतो का?

उत्तर ३
नाही. पाणी वापरलं असेल आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झाला असेल तर तो ग्राह्यच. बाप्तिस्म्याचा दाखला आणा. पुढे श्रद्धेची कबुली, दृढीकरण (श्रद्धेत बळकट करणारा संस्कार) आणि ख्रिस्तप्रसाद. ‘खात्रीसाठी पुन्हा’ हा आग्रह धरू नका. सशर्त बाप्तिस्मा (‘आधी झाला नसेल तर’ या अटीवरचा) फक्त चौकशीनंतरही गंभीर शंका उरली तरच देतात.