पाण्याची खोली वाढवली की मॅनिंगचा एन (वाहत्या पाण्याला होणाऱ्या अडथळ्याचा गुणांक) का वाढतो? (फ्लूममधल्या, म्हणजे प्रयोगाच्या पाटातल्या, उभ्या काड्या)

काडीवाट: फ्लूम 60 सेंमी रुंद, उतार 0.001. स्टीलच्या 6 मिमी काड्या, चौरस मीटरला 400, एकाआड एक. टोकं कायम पाण्याबाहेर. 25 सेंमी खोलीला 13.5 लिटर/सेकंद जातं, 50 सेंमीला 27. हायड्रॉलिक त्रिज्येऐवजी (प्रवाहाचं क्षेत्रफळ भागिले भिजलेला परीघ) खोली धरून एन काढला तर 0.14 आणि 0.22. काड्या त्याच, तळ तोच. चूक कुठे होतेय?

तळरेषा: चूक नाही. खोली दुप्पट, विसर्ग दुप्पट, म्हणजे वेग 9 सेंमी/सेकंदच राहिला. इथे पाणी अडवतात काड्या, तळ नाही. आणि पाणी जितकं चढतं तितकी काडीही जास्त बुडते. घनमीटरमागे समोरून दिसणारं क्षेत्रफळ 400 × 0.006 = 2.4. ड्रॅग गुणांक (काडी पाण्याला किती अडवते त्याचा आकडा) 1 धरून 2 × 9.81 (गुरुत्वत्वरण) × 0.001 (उतार) ला 2.4 ने भागा आणि वर्गमूळ काढा: 0.09 मी/सेकंद. यात खोली येतच नाही. मॅनिंगच्या सूत्रात ती दोन-तृतीयांश घाताने येते, म्हणून एन फुगतो. अशा ठिकाणी एन सोडा, ड्रॅग गुणांकच नोंदवा.

गेजवाला: पण त्याआधी पाण्याच्या पृष्ठभागाचा उतार तपासा. 4 मीटरमध्ये पातळी जेमतेम 4 मिमी उतरते. पॉइंट गेज (पातळी मोजायची टोकदार सळई) अर्धा मिमी चुकला की उतारात 12 टक्के चूक, ड्रॅग गुणांकातही तेवढीच. दोन्ही टोकांना खोली सारखी येईपर्यंत टेलगेट (फ्लूमच्या शेवटचं दार) हलवत राहा. वेगही एकाच जागी मोजू नका: काडीच्या मागे तो पडतो, दोन काड्यांमधल्या फटीत वाढतो. निदान एका पूर्ण फटीच्या रुंदीत बरेच बिंदू घेऊन सरासरी काढा.

काडीवाट: काड्या बुडवल्या तर? आणि खऱ्या लव्हाळ्याला गुणांक 1 चालेल?

तळरेषा: बुडाल्या की खेळच बदलतो. वरचं पाणी वेगात, आतलं संथ. टोकांच्या पातळीला मोठे भोवरे गुंडाळले जातात आणि रेनॉल्ड्स ताण (खळबळीमुळे पाण्याच्या थरांमध्ये येणारा ताण) तिथेच सर्वांत जास्त असतो. हे भोवरे काड्यांमध्ये खाली शिरतात साधारण 0.23 ÷ (गुणांक × 2.4), म्हणजे तुमच्याकडे 10 सेंमी. त्याखाली फक्त काडीच्या जाडीएवढे लहान भोवरे. वरून पाणी मोकळं धावतं, म्हणून खोली आणखी वाढवली की एन उलट उतरतो.

लव्हाळ्याला 1 नको. ते वाकतं, पानं मिटतात, त्यामुळे ड्रॅग वेगाच्या वर्गाने वाढत नाही. पुष्कळदा जवळजवळ वेगाच्या प्रमाणातच वाढतो. संथ पाण्यात काढलेला गुणांक पुराला लावलात तर पातळी फाजील उंच दिसेल.