ईमेल, होस्टिंग आणि सपोर्टचे फोन: तुमचे अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात बाबांच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. जुनी होती, कधीतरी जाणारच होती, पण तिच्याबरोबर त्यांचे २०११ पासूनचे सगळे मेल गेले आणि ते काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. बाबा सांगलीत, मी डोंबिवलीत, आत्ता त्यांच्याकडे आलेय. ओळखीच्या एकाने त्यांना मेलचं सॉफ्टवेअर लावून दिलं होतं आणि अकाउंट 'पॉप'ने जोडलं होतं. मला आत्ता कळलं की पॉपमधे मेल घरच्या मशीनवर उतरतात आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' या चौकोनात टिक नसेल तर तिकडून, म्हणजे मेल कंपनीच्या कॉम्प्युटरवरून, पुसले जातात. आयमॅप ही दुसरी पद्धत असती तर मेल सर्व्हरवरच राहिले असते, मोबाईलवरही दिसले असते. एका टिकचा फरक! इतक्या वर्षांत कोणीही त्यांना हे सांगितलं नाही.

सपोर्टला फोन लावला तर पाऊण तास गेला. तीन वेगवेगळ्या माणसांना पहिल्यापासून सगळं सांगितलं आणि तिघांनीही आधी ब्राउझरची कॅशे (जुन्या पानांच्या साठवलेल्या प्रती) क्लिअर करायला लावली. बाबा मेल ब्राउझरमधे बघतच नाहीत हो! शेवटी "मॅडम, सर्व्हरवर डेटा नाहीये, अजून काही मदत करू शकतो का?" बाबा शेजारीच बसले होते, स्पीकर चालू होता. ते काही बोलले नाहीत, उठून गॅलरीत गेले. रिटायर झाल्यापासून ते आणि त्यांचे एक मित्र कृष्णेवरच्या जुन्या घाटांच्या नोंदी एकमेकांना लिहून पाठवायचे, ते सगळं त्यात होतं.

असं कोणाकोणाचं झालंय? मेल, होस्टिंग (साईट ठेवायला सर्व्हरवर घेतलेली जागा), डोमेन (साईटचं इंटरनेटवरचं नाव), सपोर्ट, काहीही चालेल, पण सविस्तर लिहा म्हणजे दुसऱ्याला उपयोग होईल. कंपन्यांची नावं नकोत.

*

ताई, वाचून वाईट वाटलं. मी देवगडचा, हापूसचा व्यवसाय. आमची वेबसाईट गावातल्याच एका मुलाने करून दिली, मुलगा चांगला, पण डोमेन त्याने स्वतःच्या अकाउंटवर घेतलं आणि आम्हाला यातलं काही कळत नव्हतं म्हणून आम्ही विचारलंही नाही. पुढे तो नोकरीला बेंगळुरूला गेला. रिन्यू करा म्हणून सूचना यायच्या त्या त्याच्या जुन्या मेलवर, तो मेल तो उघडतच नव्हता. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात साईट बंद. साईटचं लगेच कळलं असतं तर ठीक होतं, पण आम्ही कुठे रोज आपलीच साईट उघडून बघतो, आणि डोमेन गेलं की त्यावरचा मेलही जातो हे माहीतच नव्हतं. पाच दिवस ऑर्डरचा एकही मेल नाही. आम्हाला वाटलं यंदा भाव जास्त म्हणून गिऱ्हाईक थांबलंय. इकडे अढीतला आंबा पिकायला लागलेला, पेट्या आणून ठेवलेल्या, आणि मुंबईच्या जुन्या गिऱ्हाईकाचा फोन आला, "अहो, तुम्हाला पाठवलेला मेल परत येतोय, धंदा बंद केलात का?"

आमचं नशीब की नेहमीच्या दरात रिन्यू करायची मुदत अजून शिल्लक होती. डॉट कॉमचं असं असतं की ती मुदत संपून डोमेन काढून टाकलं की पुढचे ३० दिवस ते परत मिळवायला वेगळे आणि बरेच जास्त पैसे पडतात, त्यानंतर ५ दिवसांनी ते कोणालाही घेता येतं. आता डोमेन आमच्या घरच्यांच्या नावावर आहे, पाच वर्षांचे पैसे भरून टाकलेत आणि सूचनांसाठी दिलेला मेल त्याच डोमेनवरचा ठेवलेला नाही. डोमेनच बंद पडलं तर सूचना येणार कुठे?

*

कॅशेबद्दल वाचलं आणि लिहायला बसलो, कारण मी स्वतः शेकडो लोकांना कॅशे क्लिअर करायला सांगितलंय. पुण्यात होस्टिंगच्या सपोर्टला सहा वर्षं होतो, बहुतेक नाईट शिफ्ट. पहिल्या लेव्हलच्या माणसाला सर्व्हरचे लॉग दिसत नाहीत. त्याच्यासमोर प्रश्नांची यादी असते, ती पूर्ण टिक केल्याशिवाय तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, पुढच्या लेव्हलला ढकलता येत नाही. एका वेळी तीन चॅट चालू आणि वर किती मिनिटांत तिकीट बंद केलं याचा हिशोब. समोरचा माणूस रडकुंडीला आलाय हे आवाजावरून कळायचं आणि तरी पुढचा प्रश्न तोच विचारावा लागायचा. एकदा रात्री एक वाजता एका दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला, साईट बदलताना त्यांच्या माणसाकडून पेशंटच्या अपॉइंटमेंटचा डेटाबेस डिलीट झालेला. मी यादी सोडून सरळ बॅकअपवाल्या मित्राला उठवलं, पहाटे चारपर्यंत डेटा परत आला. महिनाअखेरीस त्या कॉलला मला मार्क कमी पडले. मला त्याचं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

एक विनंती करतो. परत आलेला मेल डिलीट करू नका, त्यात नंबर असतो. ५५० आणि ५.१.१ असेल तर तो पत्ताच अस्तित्वात नाही, ५.२.२ असेल तर समोरच्याचा मेलबॉक्स भरलाय, आणि ४ ने सुरू होणारा नंबर म्हणजे अडचण तात्पुरती आहे, सर्व्हर थोड्या वेळाने आपोआप पुन्हा प्रयत्न करतो. "मेल जात नाही" एवढंच सांगण्यापेक्षा तो परत आलेला मेल पूर्ण पाठवा, म्हणजे पहिल्या फोनवरचा बिचारा पोरगाही तुमचं तिकीट लवकर पुढे नेऊ शकतो.

*

आमचा दिवाळी अंक साताऱ्याहून निघतो, छोटा आहे, जुने अंक साईटवर ठेवलेत. तीन वर्षांपूर्वी होस्टिंगवाल्यांनी आमची साईट नव्या सर्व्हरवर हलवली. न विचारता, फक्त एक मेल आलेला. नंतर एका सकाळी उघडून बघते तर सगळे लेख म्हणजे प्रश्नचिन्हांच्या ओळी. मथळ्यांच्या जागी डोक्यावर टोप्या असलेली परदेशी अक्षरं. फोन केला तर "मॅम, आमच्याकडे साईट ओपन होतेय". उघडत होती हो, पण एक अक्षर मराठी नव्हतं, आणि फोनवरच्या मुलाला मराठी वाचता येत नसल्यामुळे त्यात बिघडलंय काय हेच त्याला दिसत नव्हतं. आधी म्हणाला फॉन्ट टाका, मग म्हणाला दुसऱ्या ब्राउझरमधे बघा.

माझ्या भाच्याने समजावलं ते असं. अक्षरं कॉम्प्युटरमधे साठवायच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं (साठवणीचे तीन छोटे तुकडे) असतं, म्हणजे 'कि' लिहिलं की क चे तीन आणि वेलांटीचे तीन. डेटाबेसने ते लॅटिन समजून वाचलं तर एका चिन्हाची तीन विचित्र अक्षरं दिसतात, पण बाइट जागेवर असतात म्हणून ते उलटं फिरवून मराठी परत आणता येतं. प्रश्नचिन्ह आलं असेल तर मात्र मूळ अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह साठवलं गेलेलं असतं, तिथे परत आणण्यासारखं काही उरत नाही. म्हणजे आमचे मथळे वाचले आणि लेख गेले. बॅकअप मागितला तर त्यांच्याकडे फक्त सात दिवसांचे होते, आणि आमच्या लक्षात आलं नवव्या दिवशी.

मग डीटीपीच्या जुन्या फाईल काढल्या. त्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या, कन्व्हर्टरमधून काढल्या की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचा आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' मधला र हमखास मोडायचा. मी आणि आमचे मुद्रितशोधक काका, रोज रात्री जेवणं झाली की दोन तास, एक जण छापील अंकातून मोठ्याने वाचणार आणि दुसरा स्क्रीनवर दुरुस्त करणार, असं जवळजवळ पाच महिने केलं. एका अंकाची छापील प्रत आमच्याकडेही उरली नव्हती, ती वाईच्या एका वाचक आजींकडे निघाली, ट्रंकेत, प्लास्टिकमधे गुंडाळून ठेवलेली. त्यांनी ती एसटीने स्वतः आणून दिली, पोस्टावर सोडायला तयार नव्हत्या.

*

थोडक्यात लिहिते, नागपूरहून. आमचे हे गेले. मेल दोघांचा एकच होता आणि ओटीपी त्यांच्या मोबाईलवर यायचा. मुलाने रिचार्ज थांबवला, नंबर बंद झाला. नवीन फोनवर मेल टाकायला गेले तर कोड त्याच नंबरवर. पेन्शनचे, बँकेचे सगळे कागद त्या मेलमधे. बंद झालेला नंबर कंपनी ९० दिवस तरी दुसऱ्याला देत नाही म्हणे, म्हणून धावपळ केली. मृत्यूचा दाखला घेऊन दुकानात चार चकरा मारल्या तेव्हा नंबर माझ्या नावावर झाला. घरातल्या कोणाचाही नंबर बंद करायच्या आधी कुठे कुठे जोडलाय ते बघा, एवढंच.

*

आजी, तुमचं वाचून लगेच आईबाबांच्या दोघांच्या मेलला माझा नंबर आणि वेगळा रिकव्हरी मेल टाकला. धन्यवाद.

*

इथे न्यू जर्सीत मंडळाच्या गणपतीचा मेल अकराशे लोकांना जातो. गेल्या वर्षी आरतीची वेळ बदलली त्याचा मेल निम्म्यांच्या स्पॅममधे गेला, लोक लहान मुलांना घेऊन तासभर आधी येऊन उभे राहिले आणि मला फार लाज वाटली. आम्ही मेल पाठवायचो आमच्या डोमेनच्या नावाने पण दुसऱ्याच एका सेवेतून, आणि तिला आमच्या नावाने पाठवायची परवानगी आहे असं डोमेनच्या डीएनएसमधे (डोमेनच्या नोंदींची जणू वहीच) कुठेच लिहिलेलं नव्हतं. एसपीएफ म्हणजे ही परवानगीची यादी, डीकेआयएम म्हणजे मेलवरची सही, आणि यातलं काही जुळलं नाही तर मेलचं काय करायचं हे डीमार्क सांगतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला साधारण पाच हजार किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना, आणि याहूनेही ठोक मेल पाठवणाऱ्यांना, हे तिन्ही सक्तीचं केलं, पण आमच्यासारख्या छोट्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यातलं एक तरी लागतंच. काम अर्ध्या तासाचं. पण डीएनएसचा पासवर्ड दोन कमिट्यांआधीच्या खजिनदारांकडे, ते आता टेक्सासला, त्यांना शोधण्यातच तीन आठवडे गेले.

*

धागा काढणारी मीच. सगळ्यांचं वाचलं, बाबांनाही वाचून दाखवलं, साताऱ्याच्या ताईंचं तर दोनदा. डिस्क रिकव्हरीवाल्याने हात वर केले. पण काल बाबांचे ते मित्र, इचलकरंजीचे काका, त्यांचा फोन आला. त्यांच्याकडे मेल आयमॅपवर आहेत, बाबांनी पाठवलेलं एकूण एक पत्र त्यांच्या इनबॉक्समधे आहे आणि त्यांनी लिहिलेली सेंटमधे. सगळे एकदम कसे पाठवायचे ते त्यांना जमत नाहीये, मी करून देते म्हटलं तर ऐकेनात, रोज सकाळी बसून एकेक वाचून फॉरवर्ड करतात. आज सकाळपर्यंत बेचाळीस आलेत, २०१३ च्या पावसाळ्यापर्यंतचे. बाबा चहा घेऊन मशीनपुढे बसलेत.