ओझची कॉपी की वेगळं पुस्तक? (कुटुंब ग्रुपवरची चर्चा)

बंडूकाका: वहिनींनी चिमूसाठी सुचवलेलं ते रशियन पुस्तक, वोल्कोवचं ‘पाचूच्या शहराचा जादूगार’, चाळलं. मुलगी, कुत्रा, वादळ, पिवळ्या विटांचा रस्ता, बुजगावणं, भित्रा सिंह... अहो, ही तर सरळसरळ ‘विझर्ड ऑफ ओझ’ची, त्या अमेरिकन बॉमच्या गोष्टीची कॉपी! बॉमचं पुस्तक १९०० चं, हे १९३९ चं. पोरीला मूळच द्या की.

वहिनी: भावजी, सुरुवात कॉपीतच झालीये, नाही म्हणत नाही. अलेक्सांद्र वोल्कोव मॉस्कोत गणित शिकवायचे. इंग्रजी शिकताना सराव म्हणून बॉमचं भाषांतर करायला घेतलं आणि करता करता गोष्टच बदलत गेले.

बंडूकाका: बॉमच्या नायिकेची, डोरोथीची एली केली, झालं!

वहिनी: नावांचं सोडा हो. बॉमकडे वादळ आपलं येतं आणि घर उडवून नेतं. वोल्कोवकडे ते गिंगेमा नावाची चेटकीण मुद्दाम उठवते. मग चांगली चेटकीण विलिना तेच उडतं घर नेमकं तिच्या डोक्यावर पाडते. शिवाय एलीला घरी जायचं तर आधी तीन जिवांच्या मनातल्या इच्छा पूर्ण व्हायला हव्यात, असं विलिनाच्या जादूच्या पुस्तकात निघतं. म्हणजे बुजगावण्याला मेंदू, लाकूडतोड्याला हृदय, सिंहाला धैर्य मिळणं हा तिच्याही गरजेचा मामला होतो. मला ही गुंफण मूळच्यापेक्षा घट्ट वाटते. गणिताच्या मास्तरांचं काम!

मामा: आणि कुत्रा चक्क बोलतो 😄

वहिनी: हो ना, तोतोष्का जादूच्या देशात पोचताच बोलायला लागतो.

सुमाआत्या: बंडू, एकनाथांनी भावार्थ रामायण लिहिलं तेव्हा वाल्मीकींना विचारलं होतं का रे?

बंडूकाका: आत्या, रामायण सगळ्यांचं. हे एका माणसाचं पुस्तक होतं. बॉम १९१९ लाच गेले, म्हणून कुणी विचारलं नाही. आणि सोव्हिएत रशिया कॉपीराइटच्या जागतिक करारात आला तोच मुळी १९७३ साली.

वहिनी: हे मात्र बरोबर. आणखी एक सांगते, डोरोथीच्या गावाकडचा, अमेरिकेतल्या कॅन्ससचा तो सगळा करडा रखरखाट आणि तिचे कधी न हसणारे काका, हे बॉमच वाचावं. डोरोथी अनाथ, एलीला आईबाबा आहेत. तिथे वोल्कोवनी गोष्ट जरा मऊ केली.

मामा: म्हणजे दोन्ही घ्या!

वहिनी: घ्याच. पण खरी मजा १९६३ च्या दुसऱ्या भागात. उर्फिन जूस नावाचा एक तुसडा सुतार. त्याच्या बागेत न हटणारं तण माजतं. ते वाळवून केलेल्या पुडीनं काहीही जिवंत होतं. मग काय, गडी लाकडाचे सैनिक कोरून फौजच उभी करतो!

बंडूकाका: जिवंत करणारी पूड बॉमच्या १९०४ च्या पुस्तकातही आहे 😏

वहिनी: आहे. पण ती पूड हाती आल्यावर सुतार राजा व्हायला निघतो, हे वोल्कोवचं. शेवटी त्या सैनिकांचे क्रूर चेहरे बदलून हसरे

चिमूची आई: वहिनी थांबा!! चिमू माझ्याच फोनवर वाचतेय सगळं. शेवट सांगू नका.

सुमाआत्या: तिला म्हणावं, आधी गृहपाठ. बंडू, तुझ्याकडचं बॉम रविवारी घेऊन ये.

बंडूकाका: आणतो. पण परत द्यायचं हं, मागच्या वेळचं अजून आलेलं नाही.