सेन्सरचा दिवा, हाताचे बटण आणि लाइट गेल्यावर बंद पडणारा इन्व्हर्टर

परसदार

नमस्कार. आमचे घर संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीत आहे. तेथे आई-वडील दोघेच राहतात आणि मी नोकरीसाठी ठाण्यात असतो. न्हाणीघर आणि शौचालय मागील दारी, घरापासून पंधरा-वीस पावलांवर आहे. पावसाळ्यात त्या वाटेवर साप-विंचू निघतात, म्हणून गणपतीत गावी गेलो असताना पागोळीखाली 20 वॉटचा एलईडी फ्लड दिवा आणि त्याला मोशन सेन्सर बसवून घेतला. स्वयंपाकघराच्या दाराजवळ परसातल्या दिव्याचे जुने बटण होते. सेन्सर चुकला तरी दिवा हाताने लावता यावा, यासाठी तेही जोडून ठेवण्यास मी सांगितले.

सेन्सरला तपकिरी, निळी आणि लाल अशा तीन वायरी आहेत. तपकिरी आणि निळी माजघरातल्या बोर्डावरून आणलेल्या लाइनला जोडली आहे. लाल वायर दिव्याला गेली आहे आणि जुन्या बटणाची वायरही त्याच जॉइंटमध्ये मिळवली आहे. लाइट असताना सारे व्यवस्थित चालते. बाबांना रात्री परसात काही खसपसले की ते बटण चालू करूनच झोपतात. अशा रात्री लाइट गेली आणि आई टॉर्च घेऊन मागील दारी निघाली, की दिवा क्षणभर लागतो, लगेच इन्व्हर्टर ओव्हरलोडचा आवाज करून बंद पडतो आणि नेमकी आई बाहेर असताना सगळे घर अंधारात जाते. हे तीनदा घडले आहे. आईने आणखी एक गोष्ट सांगितली: त्या क्षणी स्वयंपाकघरातला पंखा अर्धी गिरकी घेतो आणि फ्रिज हुंकार देतो. ही दोन्ही इन्व्हर्टरवर नाहीत.

दुसरी तक्रार लहान आहे. बटण बंद आणि सेन्सरही शांत असताना दिवा रात्रभर मिणमिणता दिसतो, पावसात जास्तच. ज्यांनी काम केले ते इन्व्हर्टरची बॅटरी बदला म्हणतात. बॅटरी दीड वर्षाची आहे.

वळणवाट

प्रथम सेन्सरपुरते सांगतो, कारण पुष्कळ गोंधळ वायरींच्या रंगांमुळेच होतो. आपल्याकडे घराच्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज (वीज आणणारी जिवंत वायर), काळी म्हणजे न्यूट्रल (विजेची परतीची वायर) आणि हिरवी म्हणजे अर्थिंग. या सेन्सरमध्ये मात्र बहुतेक वेळा तपकिरी ही आत येणारी फेज असते, निळी न्यूट्रल असते आणि लाल ही सेन्सरमधून बाहेर पडून दिव्याकडे जाणारी फेज असते. सवयीने लालला फेज आणि तपकिरीला दिवा जोडला तर सेन्सर निर्जीव राहतो आणि दिवा लागतच नाही. आपली जोडणी त्या दृष्टीने बरोबर वाटते.

वीज मिळाल्यावर पहिले अर्धे ते एक मिनिट सेन्सर स्थिरावत असतो. त्या वेळात दिवा आपोआप लागला तर तो बिघाड समजू नये. बॅटरीचे पाणी आणि टर्मिनल पाहून घ्यावेत, परंतु 20 वॉटच्या दिव्याने घरगुती इन्व्हर्टर ओव्हरलोड होत नाही, बॅटरी जुनी असली तरीही. पंख्याची गिरकी मला उलगडलेली नाही. जाणकारांनी पाहावे.

जुना वायरमन

उत्तर त्या पंख्यातच आहे आणि ते आपल्या आईने नेमके टिपले आहे. जो पंखा इन्व्हर्टरवर नाही तो लाइट गेलेली असताना फिरतो, याचा अर्थ इन्व्हर्टरची वीज उलट वाटेने घराच्या मुख्य लाइनमध्ये शिरते.

मला दिसते ते असे. माजघरातला बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवर असणार आणि स्वयंपाकघरातले जुने बटण थेट मेनच्या लाइनवर. लाइट असते तेव्हा इन्व्हर्टर बाहेरचीच फेज पुढे सोडतो, त्यामुळे दोन्हीकडे एकच फेज असते आणि दोष झाकलेला राहतो. लाइट गेली की मेनची बाजू मृत होते, परंतु सेन्सरची तपकिरी वायर इन्व्हर्टरमुळे जिवंत राहते. आई समोर येते, सेन्सरमधला रिले (विजेवर चालणारा आतला स्विच) जुळतो, फेज लाल वायरीत उतरते आणि दिवा लागतो. त्याच जॉइंटमधून ती चालू ठेवलेल्या बटणातून मागे फिरून स्वयंपाकघरातल्या पंख्यात, फ्रिजमध्ये आणि मेन स्विच चालू असल्याने मीटरमधून खांबावरच्या तारेतही जाते. एवढा भार इन्व्हर्टरला झेपत नाही. बटण बंद असले तर ही वाट तुटते, म्हणून काही रात्री त्रास होत नाही.

हे केवळ गैरसोयीचे नाही. लाइट गेली असताना खांबावर लाइनमन चढलेला असू शकतो आणि आपल्या घरातून त्याच्या तारेत 230 व्होल्ट जाणे, मग ते क्षणभर का असेना, जिवावर बेतू शकते. शिवाय रिले जुळलेला आणि बटण चालू असताना लाइट परत आली, तर बाहेरची वीज इन्व्हर्टरच्या स्वतःच्या विजेवर अवेळी आदळते आणि त्यात त्याचे आतले मॉसफेट (वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक भाग) जळतात. म्हणून कृपा करून आजच बाबांना फोन करून ते बटण बंद ठेवण्यास सांगा.

खात्री करण्यासाठी दिवसा मेन स्विच पाडा आणि इन्व्हर्टर चालू ठेवा. परसातले बटण बंद ठेवून त्याच्या येणाऱ्या फेजच्या टर्मिनलवर आणि सेन्सरच्या तपकिरी वायरीवर आळीपाळीने टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला तपासणीचा बल्ब) लावून पाहा. निऑनच्या टेस्टरवर विसंबू नका, तो शेजारच्या वायरीच्या प्रभावानेही मिणमिणतो. बटणावर लॅम्प लागला नाही आणि सेन्सरवर लागला, तर दोन लाइनी एका दिव्यात आणल्या गेल्या आहेत हे सिद्ध झाले.

दुरुस्ती अशी: बटणाची जुनी फेज काढून तिचे टोक बंद करावे आणि माजघरातल्या ज्या टर्मिनलवरून सेन्सरला फेज गेली आहे तेथूनच बटणालाही लूप द्यावा. दिव्याची न्यूट्रलही त्याच लाइनची हवी. घरात आरसीसीबी (फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परतलेली वीज सारखी नसेल तर पडणारा सुरक्षा स्विच) असेल तर फेज एका लाइनची आणि न्यूट्रल दुसऱ्या लाइनची असे चालत नाही. 20 वॉटचा दिवा किमान 87 मिलिअँपिअर घेतो आणि घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपिअरच्या फरकाला पडतो. काम सुरू करण्यापूर्वी मेन स्विचबरोबर इन्व्हर्टरही बंद करायचा आहे. हे विसरल्यामुळे बोर्ड उघडताना झटका बसलेले चांगले कारागीर मी पाहिले आहेत. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

परसदार

जुना वायरमन काका, आपले मनापासून आभार. बटण त्याच दिवशी बंद करवले आणि शनिवारी मी स्वतः गावी गेलो. आपण सांगितल्याप्रमाणे मेन स्विच पाडून पाहिले: बटणावर टेस्ट लॅम्प काळा, तपकिरी वायरीवर लखलखीत. देवरुखहून दुसरे वायरमन बोलावले. त्यांनी माजघराच्या बोर्डावरून साडेचार मीटर लाल वायर केसिंगपट्टीतून आणून बटणाला दिली आणि दिव्याची न्यूट्रलही बदलली, कारण ती खरोखरच स्वयंपाकघराच्या लाइनची निघाली. नंतर मेन स्विच पाडून, बटण चालू ठेवून मी दहा वेळा सेन्सरसमोरून गेलो. पंखा हलला नाही आणि इन्व्हर्टरही शांत राहिला.

मिणमिणणे मात्र अजून आहे.

तांब्याची तार

माझे एक म्हणणे जोडतो. काकांची दुरुस्ती योग्यच आहे, परंतु पुढे कोणी बोर्ड बदलताना पुन्हा जुनी फेज जोडण्याची चूक करू शकतो. सेन्सरची लाल वायर बोर्डापर्यंत परत आणणे शक्य असेल, तर साध्या बटणाऐवजी टू-वे स्विच (मधला पॉइंट दोनपैकी एकाच बाजूला जोडणारा) बसवावा. मधला पॉइंट दिव्याकडे, एका बाजूला सेन्सरची लाल वायर आणि दुसऱ्या बाजूला थेट फेज. मग दिव्याला एका वेळी एकच वाट मिळते आणि दोन लाइनी चुकून आल्या तरी त्या एकमेकींना भेटत नाहीत. यासाठी एक वायर जास्त लागते, पण नवीन काम करणाऱ्यांनी हीच जोडणी करावी असे माझे मत आहे.

मिणमिणण्याबद्दल: बटण न्यूट्रल तर तोडत नाही ना, हे आधी पाहावे. जुन्या घरांत हे हमखास आढळते आणि तसे असेल तर बंद दिव्याच्या होल्डरमध्येही फेज उभी असते. तसे नसेल, तर पावसात वाढणारे मिणमिणणे ओलाव्याकडे बोट दाखवते. पागोळीखालचा जॉइंट उघडून पाहा.

परसदार

जॉइंट उघडला. तीन वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेला होता, टेप आतून चिकट आणि ओला होता आणि तांबे हिरवे पडले होते. वायर दोन बोटे मागे कापून कनेक्टर लावला, झाकणाला रबर असलेल्या डब्यात बसवला आणि वायरी डब्यात खालून घेतल्या, म्हणजे त्यांच्यावरून ओघळणारे पाणी आत शिरणार नाही. काल रात्री येथे मुसळधार पाऊस होता. आईने नऊ वाजता आणि पुन्हा पहाटे पाहिले. दिवा पूर्ण विझलेला होता आणि ती पायरी उतरताच लागला.