मदत हवी आहे: डाळिंबाचा ताण पावसाने मोडला, पानगळ आता करावी का?

सांगोला तालुक्यातील मध्यम काळ्या जमिनीतील माझ्या 4 वर्षांच्या ‘भगवा’ डाळिंबाच्या बागेत हस्त बहारासाठी (सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलोऱ्यासाठी) ताण द्यायला, म्हणजे झाडांचे पाणी तोडायला, ठिबक पूर्ण बंद ठेवले होते. 25 दिवसांत खालची पाने पिवळी पडून गळू लागली, काडीत अन्नसाठा होऊ लागला, आणि तेवढ्यात 2 दिवस दमदार पाऊस झाला. आता शेंड्यांवर तांबूस कोवळी पालवी आली आहे, कळी मात्र कुठेच नाही. हा साठा पालवीतच खर्च होईल, याची मोठी काळजी वाटते. चर काढून पाणी बाहेर काढले आहे, छाटणी केलेली नाही, नत्रही दिलेले नाही. तेलकट डाग (जिवाणूजन्य रोग) नाही. विहिरीचे पाणी मार्चपर्यंतच पुरत असल्याने आंबे बहारापर्यंत (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्यापर्यंत) थांबता येणार नाही. अशा स्थितीत पुन्हा किती दिवस ताण द्यावा, की लगेच इथेफॉन या पाने गाळणाऱ्या रसायनाने पानगळ करावी, आणि तशी केल्यास कोवळ्या पालवीमुळे मात्रा कमी ठेवावी का?