बोअरचं जड पाणी आणि घरोघरचा आरओ: गरज की खूळ?

गिरणाकाठ:
जळगावात आमच्या कॉलनीला नळाला वाघूर धरणाचं पाणी येतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते रोज येत नाही. मधल्या दिवसांत टाकीत बोअरचं भरतात, आणि तेवढ्यासाठी घरोघर आरओ लागलेत. मला हे खूळ वाटतं. जडपणा म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, विष नव्हे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आय.एस. 10500, त्यानुसार लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतो. आमच्या बोअरचा तपासला, 460 आला. आरओतून एक हंडा मिळेपर्यंत दोन-तीन हंडे मोरीत जातात. भर मे महिन्यात ते बघवत नाही.

वरणबट्टी:
दादा, स्वयंपाक कोण करतं तुमच्याकडे? रविवारी बोअरच्या पाण्यात तूरडाळ लावली. सहा शिट्ट्या झाल्या तरी डाळ खाली दाणा-दाणा, वर पिवळं पाणी. वाटीभर बट्ट्या कोरड्या खाल्ल्या पोरांनी. त्याच डब्यातली डाळ मंगळवारी वाघूरच्या पाण्यात तीन शिट्ट्यांत लोणी! चहाच्या पातेल्याला आतून पांढरी खपली धरते, नखानं निघत नाही, लिंबू पिळलं की फसफसते. गिझरची कॉइल दोनदा बदलून झाली. आणि तुम्ही म्हणता ‘चालतो’.

केळीबाग:
ताईंना पाठिंबा. आमचं यावल तालुक्यात ठिबक आहे. ड्रिपरच्या तोंडाशी चुना साचून पाणी बंद होतं, मग नळ्यांतून ॲसिड सोडा. नळीचं हे होतं तर किडनीचं काय होत असेल? आळीत मुतखडावाले कमी आहेत का?

जुने मास्तर:
भाऊ, किडनी म्हणजे ड्रिपर नव्हे. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात, आणि लघवी घट्ट झाली की ते धरतात. दिवसभर उन्हात राबून दोन तांबे पाणी प्यायचं आणि दोष बोअरला द्यायचा! जागतिक आरोग्य संघटनेनं जडपणाला आरोग्याची म्हणून मर्यादा घातलेली नाही. डाळीपुरतं पाणी उकळा, बायकार्बोनेटचा जडपणा तळाशी बसतो, वरचं निवळ घ्या. सल्फेट-क्लोराइडचा मात्र उकळून जात नाही. तुरटीनं गढूळपणा जातो, जडपणा नाही.

केळीबाग:
मग तो आरओवाला मीटर बुडवून 700 दाखवतो ते?

जुने मास्तर:
ते टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून काढलेला अंदाज. जंतू त्या मीटरला दिसत नाहीत. टाकी कधी धुतली, पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडते का, हे विचारा आधी. थेंब टाकून करतात त्या ओटी टेस्टला पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. जंतूंची भीती कुणाला नाही, पांढऱ्या खपलीची आहे.

पांझरापार:
आमना गावमा टँकर येस भो. पानी जड शे का हलकं, कोन दखस?

गिरणाकाठ:
डाळीचं मान्य, ताई. गिझरचंही. पण कॉइल काही आरओच्या पाण्यानं वाचत नाही, तो फक्त पिण्याचं गाळतो. आमच्याकडे वाघूरचं पाणी आलं की दोन हंडे आणि एक पिंप झाकून ठेवतो, पिण्या-शिजवण्याला तेच. बोअरचं धुण्या-भांड्यांना.

वरणबट्टी:
आणि पाणी पहाटे चारला येतं तेव्हा ते हंडे भरायला उठतं कोण, तेही लिहा ना दादा.