मदत हवी आहे: बसंतरच्या सुरुंगक्षेत्रातून रणगाडे पलीकडे कसे काढावेत?

नमस्कार मंडळी,

‘विनएसपीएमबीटी’, म्हणजे ‘स्टील पँथर्स: मेन बॅटल टँक’, हा आळीपाळीने चाली करण्याचा युद्धखेळ येथे कोणी खेळत असल्यास मार्गदर्शन हवे आहे. इंदुरात हा खेळणारे दुसरे कोणी अजून भेटलेले नाही.

खेळाच्या संपादकात (स्वतःची लढाई रचण्याच्या सोयीत) मी १६ डिसेंबर १९७१ ची, भारत-पाक युद्धातली, शकरगड भागातली बसंतरची लढाई मांडली आहे. प्रत्यक्षात सुरुंगक्षेत्रातला निम्माच मार्ग मोकळा झालेला असताना पूना हॉर्स या भारतीय रेजिमेंटचे सेंच्युरियन रणगाडे तसेच पुढे घुसले आणि पलीकडच्या पायदळाच्या मदतीला पोहोचले. माझ्या मांडणीत मात्र ते पोहोचतच नाहीत.

मोकळा पट्टा एका हेक्सइतका (नकाशावरच्या एका षटकोनी घराइतका), म्हणजे ५० मीटर रुंद आहे. त्यातून एकेक करून बाहेर पडणारा सेंच्युरियन दिसताच जरपाल गावाकडच्या झाडीतले पाकिस्तानी पॅटन रणगाडे माझ्याच चालीत ऑप-फायर, म्हणजे हालचाल दिसताच प्रतिमारा, करतात आणि पट्ट्याच्या तोंडाशीच तो पेटतो. त्याच्या धुराआडून मागच्याला थोडी सवड मिळते खरी, पण हा आडोसा फारच महाग पडतो. पट्टा रुंद करावा, तर इंजिनिअर तुकड्यांना सुरुंगांलगत न हलता बसावे लागते, आणि तेवढ्या वेळात शत्रूचा तोफखाना त्यांना गाठतो.

उखळी तोफांचा धूर पट्ट्याच्या तोंडाशी टाकला, तर माझ्याच रणगाड्यांना पुढचे काही दिसत नाही. शेजारी महूहून निवृत्त होऊन आलेले एक कर्नलसाहेब राहतात, त्यांनी पडद्याकडे पाहून एवढेच सांगितले, “धूर आपल्या तोंडाशी कशाला? त्यांच्या नाकासमोर टाका.” या रणगाड्यांना धुरापलीकडचे दाखवणारी थर्मल दृष्टी नसल्यामुळे सल्ला रास्त आहे. अडचण अशी की ती झाडी माझ्या निरीक्षकाला (तोफांचा मारा कुठे हवा ते सांगणाऱ्याला) दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या जागेवर मागवलेला मारा उशिरा येतो व भरकटतोही. निरीक्षकाला पायदळाबरोबर आधीच पलीकडे ठेवावे का, की पहाटेचे धुके धरून दृश्यमर्यादा सहा हेक्सवर आणावी? ३०० मीटरवर पॅटनची ९० मिलिमीटर तोफ चुकण्याची आशा मला फारशी वाटत नाही.

रिकामी जीप पुढे धाडून शत्रूचे बार आधीच संपवून घ्यायचे, ही युक्ती मला ठाऊक आहे. पण कोणताही स्क्वाड्रन कमांडर असे करणार नाही, म्हणून कृपया ती वगळून सुचवावे. विशेषतः इंजिनिअर विभागून दोन अरुंद पट्टे काढावेत, की सगळे एकाच पट्ट्यावर लावावेत, याविषयी ज्यांनी अशी चढाई खेळून पाहिली आहे त्यांचे मत हवे आहे. सेव्ह केलेला डाव पाहायचा असल्यास पाठवतो.